पंधराशे तास आणि एक सही

(टी. ई. मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल)

सर्वप्रथम माफी मागते. मी कॉन्व्हेंटची. मराठी घरी भरपूर बोलले, पण लिहिलं फक्त दहावीच्या बोर्डाच्या पेपरात. मराठी विभागाची पानं रिकामी आहेत असं कळल्यावर रूममेटने माझं नाव देऊन टाकलं, म्हणून हा उद्योग. ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला, मुद्दा तेवढा बघा.

विषय आहे विमानाच्या पायलटचा. 'आपल्याला काय त्याचं?' असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्यापैकी बरेच जण येत्या वर्षभरात कॅम्पसमध्ये ज्या कागदावर सही करणार आहेत, त्याच्याशी याचा जवळचा संबंध आहे.

आधी एक छोटं गणित करू. दिवसाला सहा तास लेक्चर-प्रॅक्टिकल आणि एका टर्ममध्ये नव्वद दिवस धरले, तर एका सेमिस्टरचे ५४० तास होतात. म्हणजे एकही लेक्चर बंक न करता (हसू नका!) जवळजवळ तीन सेमिस्टर बसलात की १५०० तास भरतात. अमेरिकेत प्रवासी विमान कंपनीच्या कॉकपिटमध्ये, अगदी उजव्या खुर्चीत को-पायलट म्हणून बसायचं असेल, तरी साधारण इतके तास आधी हवेत काढावे लागतात. माझा आतेभाऊ तिकडेच जन्मला, वाढला. त्याने हे तास भरले. त्याची गोष्ट शेवटी सांगते. आधी हा नियम आला कुठून, ते बघू.

त्या रात्री काय झालं?

१२ फेब्रुवारी २००९. न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं फ्लाइट ३४०७. विमान बम्बार्डियर क्यू ४००, म्हणजे दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टलचं, विमानावर रंग कॉन्टिनेन्टलचा, पण उडवणारी कंपनी वेगळी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रात्री दहाच्या सुमारास बफेलोजवळ उतरण्याची तयारी चालू होती. बाहेर बर्फ जमण्यासारखं हवामान होतं. अशा वेळी विमानात एक स्विच 'वाढीव वेगा'वर ठेवतात. पंखावर बर्फ असेल तर विमान जास्त वेगालाच स्टॉल होऊ शकतं, म्हणून धोक्याची सूचनाही जास्त वेगालाच मिळायला हवी. तो स्विच बरोबर ठेवलेला होता. पण उतरण्याचा जो वेग त्यांनी धरला, तो बर्फ नसतानाचा होता. वेग कमी होत गेला आणि दोघांच्याही लक्षात आला नाही. मग स्टिक शेकर सुरू झाला, म्हणजे हातातला दांडा थरथरायला लागला.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये एअरफॉइल शिकलेल्यांना पुढचं सांगायला नको. अँगल ऑफ अटॅक फार वाढला की पंखावरचा प्रवाह सुटतो आणि लिफ्ट पडते. उपाय एकच. नाक खाली करायचं आणि पॉवर वाढवायची. खरं म्हणजे त्या क्षणी विमान अजून स्टॉल झालेलंच नव्हतं, सूचना लवकर आली होती. पण कॅप्टनने दांडा मागे ओढला. नाक वर गेलं आणि विमान खरोखर स्टॉल झालं. विमानाच्या यंत्रणेने नाक आपोआप खाली ढकलायचा प्रयत्न केला, तरी कॅप्टन मागेच ओढत राहिले. को-पायलटने न सांगता फ्लॅप्स वर घेतले. शेकर वाजल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत विमान एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले.

चौकशीत काय निघालं?

अपघाताची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या मंडळाने फेब्रुवारी २०१० मध्ये निष्कर्ष दिला. मुख्य कारण होतं स्टिक शेकरला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद. शिवाय वेगावर लक्ष नसणं, कमी उंचीवर कामाव्यतिरिक्त गप्पा, आणि बर्फात वेग कसा ठरवायचा याची कंपनीची अपुरी पद्धत, हीही कारणं नोंदवली गेली.

पण सुनावणीत बाकीच्या ज्या गोष्टी बाहेर आल्या, त्यांनी अमेरिका हादरली. को-पायलट होती २४ वर्षांची. ती सिॲटलजवळ आईवडिलांकडे राहायची आणि ड्यूटीसाठी रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यूअर्कला आली होती. कॅप्टन आदल्या रात्री क्रू रूममध्येच झोपले होते. तिचा पगार वर्षाला सुमारे १६ हजार डॉलर असल्याचं सुनावणीत सांगितलं गेलं. नंतर कंपनीने तो सुमारे २४ हजार असल्याची दुरुस्ती केली. कुठलाही आकडा घेतला तरी न्यूअर्कसारख्या महागड्या भागात त्यात घर चालत नाही. थकव्याचा अपघातात नेमका किती वाटा होता, हे मंडळाला ठरवता आलं नाही. कॅप्टन आधी काही परीक्षांत नापास झाले होते आणि त्यातलं सगळं कंपनीला माहीतही नव्हतं.

याच्या महिनाभर आधी, १५ जानेवारी २००९ ला, कॅप्टन सलेनबर्गर यांनी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीत सुखरूप उतरवलं होतं. त्यांनीही त्याच फेब्रुवारीत अमेरिकन संसदेसमोर सांगितलं की त्यांचा पगार ४० टक्के कापला गेला आहे आणि पेन्शन गेली आहे. लोक टाळ्या वाजवत होते आणि ते पगाराबद्दल बोलत होते!

कायदा झाला

३४०७ मध्ये गेलेल्यांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. फोटो घेऊन ते पुन्हा पुन्हा वॉशिंग्टनला गेले. ऑगस्ट २०१० मध्ये कायदा झाला आणि जुलै २०१३ मध्ये एफएएने त्याचे नियम काढले. पूर्वी को-पायलटला कमर्शियल लायसन्स, म्हणजे साधारण २५० तास पुरायचे. आता त्यालाही कॅप्टनसारखंच एटीपी सर्टिफिकेट हवं, म्हणजे १५०० तास. विमानविद्येची चार वर्षांची डिग्री असेल तर १०००, दोन वर्षांची असेल तर १२५०, आणि सैन्यातून आलेल्यांना ७५०. शिवाय कॅप्टन व्हायचं तर आधी एअरलाइनमध्ये १००० तास काढलेले हवेत. पायलटच्या जुन्या रेकॉर्डचा डेटाबेस आणि विश्रांतीचे नवे नियमही याच कायद्यातून आले.

आता गंमत बघा. खरं तर गंमत म्हणू नये, पण बघा. त्या कॅप्टनचे सुमारे ३४०० तास होते आणि को-पायलटचे सुमारे २२००. म्हणजे हा नियम त्या दिवशी असता, तरी दोघंही त्यात आरामात बसली असती!

मग नियम चुकला का? थांबा, त्यासाठी आधी या धंद्याची रचना समजून घ्यावी लागेल.

आपली मेस आणि त्यांची विमानं

समजा मेसवर पाटी कॉलेजची आहे. मेनू कॉलेज ठरवतं, वेळ कॉलेज ठरवतं, पैसे कॉलेज गोळा करतं. कॉन्ट्रॅक्टरला थाळीमागे ठराविक रक्कम मिळते. गॅसचा खर्च कॉलेज देतं. अशा वेळी कॉन्ट्रॅक्टरने जास्त कमवायचं कसं? त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, आचारी आणि वाढप्यांचा पगार. आणि दर दोन वर्षांनी दुसरा कॉन्ट्रॅक्टर दारात उभा असतोच, 'मी याहून स्वस्तात करतो' म्हणत.

अमेरिकेतल्या रिजनल एअरलाइन्सचं असंच आहे. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या मोठ्या कंपन्या तिकीट विकतात, वेळापत्रक ठरवतात, इंधनाचा खर्च बहुतेक तेच उचलतात. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एनव्हॉय, पीएसए अशा रिजनल कंपन्या त्यांच्या रंगातली छोटी विमानं ठराविक मोबदल्यावर उडवतात. प्रवाशाला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. काही रिजनल तर मोठ्या कंपनीच्याच मालकीच्या आहेत, तरी हिशेब वेगळा आणि पगारपत्रक वेगळं.

मग एकाच मोठ्या कंपनीच्या दोन-तीन रिजनल एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात. २०१३ मध्ये पीएसएच्या पायलट्सनी सवलतींचा करार मान्य केला आणि नवीन विमानं त्यांच्याकडे गेली. मार्च २०१४ मध्ये अमेरिकन ईगलच्या (म्हणजे आताच्या एनव्हॉयच्या) पायलट्सनी तसाच करार मतदानात फेटाळला, तेव्हा त्यांना 'मग विमानं दुसरीकडे जातील' असं उत्तर मिळालं. पगारवाढ मागितली तर कामच जाणार, न मागितली तर घर चालणार नाही. आता तुम्हीच सांगा, कुठे मत द्याल?

यात आणखी एक पेच आहे. मोठ्या कंपन्यांच्या पायलट्सनी आपल्या करारात अट घालून घेतली आहे की रिजनलने ठराविक आकारापेक्षा मोठी विमानं उडवायची नाहीत. साधारण ७६ सीट्स ही त्यातली नेहमीची मर्यादा. आपलं काम स्वस्तात बाहेर जाऊ नये म्हणून ही अट. त्यांच्या बाजूने बरोबरच. पण रिजनलच्या पायलटला वाटतं की छताची उंची दुसऱ्यानेच ठरवली आहे. आणि बऱ्याच ठिकाणी दोघांचीही युनियन एकच, अल्पा!

करार, जो संपतच नाही

आपल्याला वाटतं कराराची मुदत संपली की एक तर नवीन करार, नाही तर संप. तिकडे तसं नाही. रेल्वे लेबर ॲक्ट हा १९२६ चा कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू झाला. त्यात करार संपत नाही, फक्त ठराविक तारखेपासून 'बदलायला खुला' होतो. नवीन करार होईपर्यंत जुन्याच अटी चालू. बोलणी फिसकटली की सरकारी मध्यस्थी मंडळ येतं. मंडळाने 'आता आमच्याने होत नाही' असं म्हणून सोडलं, तरच ३० दिवसांचा थंड होण्याचा काळ सुरू होतो. तो संपल्यावर संप करता येतो, आणि तेव्हाही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून तो लांबवू शकतात. मंडळाने कधी सोडावं याला कालमर्यादा नाही. त्यामुळे बोलणी वर्षानुवर्षं चालतात, आणि तोवर पगार जुनाच. महागाई काही कोणासाठी थांबत नाही.

तरी संप झालेच नाहीत असं नाही. २००१ मध्ये कोमएअर या डेल्टाच्या रिजनलचे पायलट ८९ दिवस संपावर होते. त्यांना चांगला करार मिळाला. पण पुढे कंपनी लहान होत गेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाली. बंद होण्याची कारणं बरीच होती, पण रिजनलच्या पायलट्सनी त्यातून धडा घेतला तो 'फार ताणू नका' असाच.

पगार वाढले, पण कशामुळे?

पगाराचा हिशेब समजून घेऊ. पायलटला तासावर पैसे मिळतात, आणि तास मोजतात ते साधारण विमान गेटवरून हलल्यापासून. विमानतळावर बसून राहिलेला वेळ त्यात नाही. महिन्याला साधारण ७५ तासांची हमी असते. २००९ च्या आसपास नव्या को-पायलटचा दर ताशी २२ डॉलर धरा. २२ गुणिले ७५ गुणिले १२, म्हणजे वर्षाला १९,८०० डॉलर. शिक्षणाचा खर्च मात्र आज साधारण ऐंशी हजार ते लाखभर डॉलर.

२५० तासांवर नोकरी मिळत होती तोवर मुलं हा तोटा सोसत होती. १५०० ची अट आल्यावर मधली एक-दोन वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून काढणं आलं. 'इतकं करून वीस हजार?' असं म्हणून नवीन मुलं यायची कमी झाली, आणि तेव्हा कुठे टेबलाची दुसरी बाजू हलली. ग्रेट लेक्स या छोट्या कंपनीने तर १९ सीटच्या विमानातल्या सीट्स काढून ९ ठेवल्या, कारण तितक्या सीट्सना हा नियम लागू होत नव्हता! २०१५ मध्ये रिपब्लिकच्या पायलट्सनी अनेक वर्षांच्या बोलणीनंतर नवीन करार मंजूर केला, त्यात सुरुवातीचा दर ताशी ४० डॉलर झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पायलट्सची टंचाई हे कारण दिलं. नंतर ती त्यातून बाहेरही आली.

खरी उडी बसली ती कोविडनंतर. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी अनेक पायलट्सना लवकर निवृत्त केलं आणि प्रवासी परत आल्यावर रिजनलमधून पायलट उचलले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने २९ छोट्या शहरांची सेवा बंद करायची नोटीस दिली. जूनमध्ये अमेरिकनच्या रिजनल कंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर ताशी ९० डॉलर केला, सुरुवातीला तात्पुरती वाढ म्हणून. ९० गुणिले ७५ गुणिले १२ = ८१,०००. म्हणजे चौपट! इतक्या वर्षांच्या बोलणीने जे दिलं नाही, ते टंचाईने काही आठवड्यांत दिलं.

म्हणूनच कंपन्या म्हणतात, १५०० तासांचा नियम सुरक्षेचा नाही, तो युनियनचा पगारवाढीचा जॅक आहे. युनियन म्हणते, कंपन्यांना स्वस्त पायलट हवेत म्हणून त्या नियमाला नावं ठेवतात. २०२२ मध्ये रिपब्लिकने आपल्या अकादमीच्या मुलांसाठी ७५० तासांची सूट मागितली, एफएएने ती नाकारली. मे २०२४ च्या कायद्यानेही नियम तसाच ठेवला.

मग पंधराशे बरोबर की चूक?

आपल्याकडे ७५ टक्के अटेंडन्सशिवाय टर्म ग्रँट होत नाही. पण अटेंडन्स भरली म्हणजे विषय आला का? मागच्या बेंचवर बसून मीसुद्धा भरली आहे! तसंच निरभ्र आकाशात सेस्नामधून त्याच मैदानाभोवती हजार तास फिरून बर्फातला स्टॉल शिकता येत नाही. भारतात २०० तासांवर कमर्शियल लायसन्स मिळतं आणि टाइप रेटिंग केल्यावर तोच मुलगा किंवा मुलगी एअरबसच्या उजव्या खुर्चीत बसू शकते. युरोपातही साधारण असंच. तिथे भर सिम्युलेटर आणि ठरलेल्या अभ्यासक्रमावर आहे.

दुसरी बाजूही ऐका. फेब्रुवारी २००९ च्या आधीच्या काही वर्षांत अमेरिकेत रिजनल विमानांचे जीवघेणे अपघात पुन्हा पुन्हा होत होते. त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षं तिथल्या एअरलाइनचा तसा मोठा अपघात झाला नाही. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये पीएसएच्या विमानाची सैन्याच्या हेलिकॉप्टरशी धडक झाली आणि ६७ जण गेले. तिथे प्रश्न तासांचा नव्हता, विमानांची आणि हेलिकॉप्टरची वाट फार जवळ असण्याचा होता. पण या सोळा वर्षांचं श्रेय एकट्या १५०० ला देता येत नाही. विश्रांतीचे नियम बदलले, पूर्ण स्टॉलमधून बाहेर येण्याचं सिम्युलेटर ट्रेनिंग सक्तीचं झालं, एटीपीच्या परीक्षेआधी खास कोर्स आला, चुका न घाबरता कळवण्याची पद्धत रुजली. प्रयोगात पाच व्हेरिएबल एकदम बदलले, तर रीडिंग कशामुळे बदललं हे जर्नलमध्ये कसं लिहिणार?

माझं मत विचाराल तर असं. तास हे मोजायला सोपं माप आहे आणि म्हणून कायद्यात बसतं. 'शहाणपण' मोजता येत नाही. ३४०७ च्या नातेवाइकांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पण पायलट स्वस्त मिळतो म्हणून त्याला रात्रभर प्रवास करून कामावर येऊ द्यायचं, हे कुठे तरी थांबायला हवं होतं. त्या अर्थाने नियमाने एक काम नक्की केलं, उजव्या खुर्चीला किंमत आली.

आणि दादाची सही

आता आमच्या दादाची गोष्ट. आत्याने घरावर कर्ज काढून त्याला फ्लाइंग स्कूलला घातलं. मग दोन वर्षं तो इन्स्ट्रक्टर होता. त्याला मी विचारलं, 'इतक्या तासांत खरंच काही शिकलास का रे?' त्याच्या त्या अमेरिकन मराठीत तो म्हणाला, 'पहिले पाचशे तास मी शिकलो. मधले पाचशे दुसऱ्यांना शिकवताना जास्त शिकलो. शेवटचे पाचशे नुसते मोजले.'

तास भरले तोवर हवा बदलली होती. मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली होती. रिजनलकडे को-पायलट भरपूर आणि कॅप्टन कमी, कारण कॅप्टनला ते एअरलाइनमधले १००० तास हवेत ना! एका कंपनीने (नाव सांगत नाही) त्याला घेतलं, पण ट्रेनिंगची तारीख तीनदा पुढे ढकलली. मग एक करार पाठवला. ट्रेनिंगचा खर्च कंपनीचा, पण कॅप्टन होऊन ठराविक वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोडलं, तर हजारो डॉलर परत. ओळखीचं वाटतंय ना? बॉन्ड!

आत्याने रात्री बाबांना फोन लावला. बाबा बँकेत आहेत, त्यांना कागद वाचायची सवय. फोनवर दोघांनी एकेक कलम वाचलं. बाबांनी विचारलं, 'वर्षं कधीपासून मोजणार? सहीपासून, ट्रेनिंगपासून, की कॅप्टन झाल्यापासून? आणि कॅप्टन करायचं की नाही हे कोण ठरवणार?' कागदावर उत्तर होतं, दोन्ही कंपनीच्या हातात. दादाने कंपनीला विचारून बघितलं. एक शब्दही बदलला नाही. युनियन? ती सभासदांसाठी. नोकरीवर रुजू होण्याआधी तो कुणाचाच नव्हता.

त्याने सही केली. कर्जाचे हप्ते चालू होते, दुसरा रस्ता नव्हता. पण सही करताना त्याला काय माहीत होतं, आणि काय नव्हतं, एवढं तरी स्वच्छ होतं. दिवाळीत फोन आला तेव्हा उजव्या खुर्चीत त्याचे साडेपाचशे तास झाले होते. हजारला डावी खुर्ची. आत्या विचारत होती, 'जेवतोस ना वेळेवर?'

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सेमिस्टरला कंपन्या येतील. पॅकेजचा आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असेल आणि बॉन्ड सातव्या पानावर बारीक अक्षरात. सगळे घाईत असतील, मागे रांग असेल. तरी सातवं पान वाचा. वर्षं कधीपासून मोजणार, ते विचारा. उत्तर बदलणार नाही कदाचित, पण विचारा. आणि एकट्याने विचारण्यापेक्षा दहा जणांनी मिळून विचारलं तर बरं. पायलट्सनाही ते शिकायला बरीच वर्षं लागली.